पॅड बदलले तरी ब्रेक किंचाळतोय? पॅडच्या मागे आणि पिनमध्ये बघा

गाडी गॅरेजमधून आली की आठ-पंधरा दिवस शांत असते. मग एखाद्या सकाळी सिग्नलला थांबताना तोच कानात घुसणारा ‘चींऽऽ’. पुन्हा गॅरेज, पुन्हा चाक काढून पॅडवर पॉलिश पेपर, पुन्हा थोडे दिवस शांतता. तिसऱ्या खेपेला ‘पॅडच बदलून टाकू’ असं ठरतं, नवे पॅड पडतात, आणि पावसाळ्याचा पहिला महिना संपेपर्यंत तेही ओरडायला लागतात. ही साखळी ओळखीच्या इतक्या गाड्यांमध्ये पाहिली आहे की एकदा सविस्तर लिहायचं ठरवलं.

इथे जे लिहितोय ते पुढे डिस्क (चाकाबरोबर फिरणारी तबकडी, जिला दोन्ही बाजूंनी पॅड दाबतात) आणि मागे ड्रम (आतून लायनर दाबले जातात ते डबीसारखं भांडं) असलेल्या छोट्या गाड्यांबद्दल आहे. वॅगनआर, स्विफ्ट, टियागो, ग्रँड आय-१० अशा गाड्यांची रचना साधारण सारखीच असते. चारही चाकांना डिस्क असेल तर मागच्या चाकांनाही पुढच्यांचेच नियम लावा, फक्त हँडब्रेकची यंत्रणा वेगळी असते एवढं लक्षात ठेवा.

माझं म्हणणं एवढंच आहे: परत परत येणाऱ्या आवाजाचं मूळ बहुतेक वेळा पॅडच्या घासणाऱ्या तोंडावर नसतं. पॅड ज्या खाचेत बसतो, ज्या पिनांवर कॅलिपर (पॅडना डिस्कवर दाबणारा चिमटा) सरकतो आणि ज्या पत्र्यामधून, म्हणजे शिममधून, पॅडवर दाब येतो, त्या जागांमध्ये असतं. पॅड घासला की तोंड बदलतं म्हणून आवाज थोडे दिवस जातो. पिन मात्र तशीच सुकलेली राहते.

सुरुवातीलाच एक गोष्ट. पुढच्यापैकी काहीही होत असेल तर हा लेख बाजूला ठेवा आणि गाडी चालवू नका: पेडल नेहमीपेक्षा खोल जातंय, ब्रेक दाबल्यावर गाडी एका बाजूला ओढतेय, लोखंडावर लोखंड घासल्यासारखी खरखर येतेय, डॅशबोर्डवर ब्रेकचा लाल दिवा लागलाय, किंवा एका चाकाजवळ जळका वास आणि जास्त उष्णता जाणवतेय. किंचाळणाऱ्या ब्रेकने गाडी बहुधा थांबते. या पाच गोष्टींत ती न थांबण्याची शक्यता असते.

आवाज नेमका होतो कसा

डिस्क बिडाची असते. पॅड तिच्यावर दाबला जातो तेव्हा तो सलग घासत नाही. क्षणभर चिकटतो, सुटतो, पुन्हा चिकटतो, आणि हे सेकंदाला हजारो वेळा होतं. त्यातून डिस्क, पॅड आणि कॅलिपर कंप पावतात. फळ्यावर खडू एका विशिष्ट कोनात धरला की किंचाळतो आणि बोटांची पकड जरा बदलली की गप्प होतो, तसाच हा प्रकार आहे. फळाही तोच, खडूही तोच, फरक पकडीचा. ब्रेकच्या किंचाळीचे कंप साधारण १ ते १५ किलोहर्ट्झच्या पट्ट्यात असतात, आणि माणसाचा कान नेमका २ ते ५ किलोहर्ट्झच्या आसपास सर्वांत तीक्ष्ण असतो. म्हणून बारीकसा दोषही रस्ताभर ऐकू जातो.

ही तक्रार डिस्क ब्रेकइतकीच जुनी आहे. फ्रेडरिक लँचेस्टर यांनी इंग्लंडमध्ये १९०२ मध्ये डिस्क ब्रेकचं पेटंट घेतलं. त्यांच्या ब्रेकला तांब्याचं अस्तर होतं, ते धातूच्या तबकडीवर घासलं की असह्य आवाज करायचं. पुढे ॲस्बेस्टॉसची अस्तरं आली आणि ब्रेक पुष्कळ शांत झाले. ॲस्बेस्टॉसची धूळ फुफ्फुसांना घातक आहे हे पटल्यावर धातूचे कण मिसळलेले पॅड वाढले आणि आवाजाचा प्रश्न पुन्हा वर आला. म्हणजे थोडाफार आवाज हा घर्षणाच्या कामातच आहे. कंप वाढू न देणं आपल्या हातात असतं, आणि ते काम पिन, क्लिप, शिम आणि ग्रीस करतात.

आधी काही दिवस नुसतं ऐका

पाना हातात घेण्याआधी आवाज कधी येतो हे मोबाइलमध्ये लिहून ठेवा. सकाळी पहिल्यांदा की गरम झाल्यावर? हळू दाबल्यावर की जोरात? पुढे जाताना की रिव्हर्सला? वळणावर बदलतो का? काच खाली करून भिंतीच्या किंवा कंपाउंडच्या कडेने हळू गाडी चालवा. आवाज भिंतीवरून परत येतो आणि डाव्या बाजूचा की उजव्या बाजूचा ते चटकन कळतं. शेजारी कुणाला तरी फुटपाथवर उभं करून पुढचं चाक की मागचं हेही ठरवता येतं. या माहितीशिवाय गाडी गॅरेजला दिली तर चारही चाकं उघडतात आणि चारही चाकांवर तोच पॉलिश पेपर फिरतो.

फक्त सकाळी, पहिल्या चार-पाच ब्रेकलाच आवाज येत असेल आणि नंतर दिवसभर काही नसेल, तर तो रात्रीचा गंज आहे. रत्नागिरी, मालवण, अलिबागच्या हवेत रात्रभर उभ्या गाडीच्या डिस्कवर सकाळी तांबूस थर दिसतोच. मुंबईत पावसाळ्यात आणि गाडी धुतल्यावर कुठेही दिसतो. दोन-चारदा ब्रेक दाबला की निघून जातो. यासाठी पैसे खर्च करू नका. इलेक्ट्रिक गाडीवाल्यांनी मात्र याकडे जरा जास्त लक्ष द्यावं. त्यांची गाडी मोटरच्या जोरावर वेग कमी करते, डिस्क कमी घासली जाते आणि गंज साठत जातो. मोकळ्या रस्त्यावर, मागे कुणी नाही हे पाहून, अधूनमधून चार ब्रेक व्यवस्थित पायाने मारावेत.

चालत्या गाडीत, ब्रेक न दाबताही बारीक चिरका आवाज सतत येतोय आणि ब्रेक दाबल्यावर तो बदलतो किंवा थांबतो, असं असेल तर आधी पॅडची जाडी बघा. बऱ्याच पॅडना एक छोटी पोलादी पट्टी (झीज पट्टी) असते. पॅडचं घासणारं अस्तर २-३ मिमी उरलं की ती डिस्कला टेकते आणि मुद्दाम किंचाळते. तिचं कामच ते आहे, गप्प करू नका, पॅड बदला. नव्या पॅडचं अस्तर साधारण १० मिमी असतं, त्यामुळे जुन्याची तुलना करणं सोपं जातं. सगळ्या गाड्यांच्या पॅडना ही पट्टी नसते, म्हणून आवाज नाही म्हणजे पॅड शिल्लक आहे असं धरून चालू नका.

ब्रेकशी काहीच संबंध नसलेली सलग खरखर असेल आणि ती खडीच्या किंवा चिखलाच्या रस्त्यावरून आल्यावर सुरू झाली असेल, तर डिस्क आणि तिच्या मागच्या पत्र्याच्या मध्ये खडा अडकलाय. नव्याने डांबर टाकलेल्या रस्त्यावर हे हमखास होतं. चाक काढून, पत्रा स्क्रू-ड्रायव्हरने अलगद मागे वाकवून खडा काढायचा, बस. आणि वेगाबरोबर वाढणारा ‘घों घों’ असेल, ब्रेक दाबला न दाबला तरी सारखाच, तर तो ब्रेक नव्हे. चाकाची बेअरिंग दाखवा.

उरला तो खरा त्रासदायक प्रकार: गाडी गरम झाली की, हळू वेगात, पायाचा दाब हलका असताना येणारी लांब किंचाळी. दाब वाढवला की बंद होते, पाय सोडत आणला की पुन्हा येते. पॅड नवे असले तरी येते. पुढचा बहुतेक मजकूर तिच्याबद्दल आहे.

पिन: बहुतेकांचं उत्तर इथेच सापडतं

छोट्या गाड्यांचा कॅलिपर तरंगता असतो. त्यात पिस्टन एकाच बाजूला, आतून असतो. ब्रेक दाबला की पिस्टन आतला पॅड डिस्कवर ढकलतो, आणि त्याच्या उलट्या जोराने अख्खा कॅलिपर दोन पिनांवरून आत सरकून बाहेरचा पॅड ओढून घेतो. पाय काढला की सगळं केसभर मागे येतं. पिना मोकळ्या सरकल्या तरच हे जमतं. पिनवर रबराचा बूट असतो. त्याला बारीक चीर गेली की पावसाचं पाणी आणि लाल मातीचा गाळ आत जातो. उन्हाळ्यात ग्रीस सुकून मेणासारखं होतं. मग कॅलिपर तिरका दाबला जातो, पाय काढल्यावर नीट मागे येत नाही, पॅड डिस्कला हलकासा टेकून राहतो आणि गरम झाला की किंचाळायला लागतो. कोकणातल्या गाड्यांमध्ये पावसाळा संपता संपता हा दोष जास्त का दिसतो याचं कारण हेच.

जुने पॅड बाहेर काढल्यावर फेकू नका, आधी त्यांच्याकडे बघा. आतला पॅड बाहेरच्यापेक्षा बराच जास्त झिजला असेल तर पिना अडकल्या आहेत किंवा पिस्टन नीट मागे येत नाही. बाहेरचा जास्त झिजला असेल तरी संशय पिनांवरच घ्या. आणि एकच पॅड एका टोकाला जाड, दुसऱ्या टोकाला पातळ असा पाचरीसारखा झिजला असेल तर दोनपैकी एक पिन अडकली आहे, याबद्दल माझ्या मनात शंका उरत नाही. असे पॅड हातात आल्यावरही पिना न काढता नवे पॅड बसवले तर पैसे वाया गेले असंच समजा. म्हणून गॅरेजला गाडी देताना ‘जुने पॅड मला परत द्या’ हे आधीच सांगून ठेवावं.

स्वतः करायचं असेल तर सपाट, टणक जमीन हवी. गिअरमध्ये गाडी, हँडब्रेक ओढलेला, मागच्या चाकांना दगड. चाकाचे नट गाडी जमिनीवर असतानाच अर्धा आटा सैल करायचे, मग जॅक लावायचा आणि चेसीखाली स्टँड द्यायचा. गाडीबरोबर मिळणारा जॅक स्टेपनी बदलण्यापुरता असतो. नुसत्या त्याच्या भरवशावर या कामाला बसू नका, स्टँड नसेल तर गॅरेजमध्येच करून घ्या.

चाक निघालं की कॅलिपरच्या मागे वर-खाली दोन बोल्ट दिसतात, बहुधा १२ किंवा १४ च्या पान्याचे. खालचा बोल्ट काढताना पिन बरोबर फिरते, म्हणून ती दुसऱ्या चपट्या पान्याने धरून ठेवावी लागते. खालचा बोल्ट निघाला की बऱ्याच गाड्यांत कॅलिपर वरच्या पिनवर उचलला जातो आणि पॅड बाहेर येतात. पूर्ण काढलात तर कॅलिपर तारेने स्प्रिंगला बांधून ठेवा. ब्रेकच्या रबरी पाइपवर तो लोंबकळू देऊ नका, पाइप आतून फाटतो आणि बाहेरून काही दिसत नाही. कॅलिपर निघालेला असताना पेडलला कुणी पाय लावणार नाही याची काळजी घ्या. घरात लहान मुलं असतील तर गाडीची दारं बंद ठेवा.

आता पिन बोटांनी आत-बाहेर करून बघा. ती बोटांच्या जोराने सरकली पाहिजे आणि बाहेर ओढताना हवेचा हलका ओढा जाणवला पाहिजे. पक्कड लागली तर दोष सापडला. पिन पूर्ण बाहेर काढा, जुनं ग्रीस ब्रेक क्लीनर आणि फडक्याने संपूर्ण पुसा, भोकाच्या आतलंही. पिनवर गंजाचे खड्डे पडले असतील किंवा ती वाकली असेल तर घासून वापरू नका. नवी पिन आणि नवे बूट हे पॅडच्या संचापेक्षा कितीतरी स्वस्त पडतात. काही गाड्यांत दोनपैकी एका पिनच्या टोकाला रबराची बुश असते. वरची वर आणि खालचीच खाली गेली पाहिजे, म्हणून काढतानाच मोबाइलवर फोटो घ्या.

ग्रीस सिलिकॉनचं घ्या, ब्रेकच्या पिनांसाठी म्हणून मिळणारं. चाकाच्या बेअरिंगचं साधं ग्रीस इथे चालत नाही. त्यातल्या खनिज तेलाने ब्रेकचं रबर फुगतं, पिन महिनाभरात पुन्हा अडकते आणि आवाज ‘परत’ येतो. गॅरेजमध्ये हाताशी असतं ते एकच डबा-ग्रीस, आणि चांगल्या मनाने केलेलं काम तिथेच बिघडतं. थर पातळ द्यायचा. भोक ग्रीसने भरून टाकलं तर हवेला जागा उरत नाही आणि पिन आतून परत ढकलली जाते.

पिस्टन मागे ढकलायचा तर जुना पॅड त्यावर ठेवून शिकंज्याने सावकाश दाबा. बोनेटखालच्या ब्रेक ऑइलच्या टाकीचं झाकण आधी सैल करा आणि पातळीवर नजर ठेवा, कारण तेल वर चढतं. ते रंगावर सांडलं तर रंग सोलतो, लगेच पाण्याने धुवा. सावकाश दाबूनही पिस्टन हलत नसेल, किंवा त्याच्या रबरी बुटाभोवती ओल दिसत असेल, तर तिथेच थांबा. पिस्टनचा किट टाकणं हे मेकॅनिकचं काम.

क्लिप, शिम आणि पॅडचे कान

पॅडच्या दोन्ही टोकांना लोखंडी कान असतात. ते ब्रॅकेटच्या, म्हणजे कॅलिपर आणि पॅड धरून ठेवणाऱ्या पक्क्या चौकटीच्या खाचेत, एका स्टीलच्या क्लिपवर सरकतात. पावसाळ्यात या क्लिपखाली, ब्रॅकेटच्या बिडावर गंज धरतो. गंज लोखंडापेक्षा जास्त जागा घेतो, क्लिप वर उचलली जाते आणि पॅडचा कान चिमटीत सापडतो. वरून सगळं ठीक दिसतं, क्लिप चकचकीत असते. म्हणून क्लिप उपटून काढायची, खालचा गंज तारेच्या ब्रशने आणि बारीक कानशीने काढायचा, आणि मगच क्लिप बसवायची. नवा पॅड हाताने खाचेत सरकला पाहिजे. हातोडीने ठोकून बसवावा लागत असेल तर तो तिथेच अडकून राहणार. काही पॅडच्या कानांवर रंगाचा जाड थर असतो, तेवढा रंग खरवडायला हरकत नाही. लोखंड कापू नका.

शिम म्हणजे पॅडच्या पाठीवर बसणारा पातळ पत्रा, बऱ्याचदा रबराचा लेप असलेला. कंप पिस्टनपर्यंत पोहोचू नये म्हणून तो असतो. काही पॅडना तो कारखान्यातूनच चिकटवलेला येतो, काहींना नसतो आणि जुन्या पॅडवरचा काढून नव्यावर बसवायचा असतो. जुन्या पॅडबरोबर तो पत्रा कचऱ्यात गेला की नवे, महागडे पॅडही पहिल्या दिवसापासून ओरडतात. ‘पॅड बदलल्यापासून आवाज सुरू झाला’ अशी तक्रार असेल तर सर्वांत आधी शिम जागेवर आहे का ते बघा.

पॅडची पाठ, शिम आणि पिस्टनची कड जिथे टेकते तिथे, आणि कानांवर, उष्णता सोसणाऱ्या ब्रेक ग्रीसचा अगदी पुसट हात फिरवा. अस्तरावर किंवा डिस्कवर ग्रीसचं बोटही लागता कामा नये. लागलंच तर डिस्क ब्रेक क्लीनरने धुता येते. अस्तर मात्र तेल शोषून घेतं, तो पॅड पुन्हा भरवशाचा राहत नाही.

यावरून एक कळकळीची विनंती. आवाज बंद करायला पॅडवर किंवा डिस्कवर डब्ल्यूडी-४०, इंजिन ऑइल, खोबरेल, साबणाचं पाणी, काहीही मारू नका. आवाज लगेच जातो, कारण घर्षणच जातं. पुढच्या वळणावर समोर माणूस आला तर गाडी थांबवायला तेच घर्षण लागणार असतं. तापलेल्या डिस्कवर गार पाणी ओतणंही टाळा.

काच चढलेला पॅड

घाट उतरताना पाय सतत ब्रेकवर टेकवून ठेवला की अस्तर भाजतं आणि त्याच्या तोंडावर चकाकी येते. याला मेकॅनिक ‘पॅडला काच चढली’ म्हणतात. अशा पॅडची पकड कमी होते आणि किंचाळी वाढते. चिपळूणहून कुंभार्ली घाटाने कराडकडे जाऊन-येऊन करणाऱ्या, आंबोली किंवा ताम्हिणी नेहमी उतरणाऱ्या गाड्यांत हे दिसतं. उपाय चालवण्यात आहे: ज्या गिअरमध्ये घाट चढता त्याच गिअरमध्ये उतरा. वेग इंजिनला धरू द्या, ब्रेक थोडा वेळ ठाम दाबा आणि पूर्ण सोडा, म्हणजे डिस्कला थंड व्हायला वेळ मिळतो. ऑटोमॅटिक असेल तर मॅन्युअल किंवा एल मध्ये टाका. न्यूट्रलमध्ये घाट उतरून पेट्रोल वाचवायला जाऊ नका.

काच चढलेल्या पॅडला पॉलिश पेपरचा खरा उपयोग इथे आहे. ८० ते १२० नंबरचा पेपर सपाट फरशीवर ठेवून पॅड त्यावर गोल फिरवायचा, चकाकी जाईपर्यंतच. अस्तराच्या पुढच्या-मागच्या धारदार कडा कानशीने जराशा तिरक्या केल्या तर पॅड डिस्कला हळुवार भिडतो. बऱ्याच चांगल्या पॅडना ही तिरकी कड कारखान्यातूनच असते. पॅड आत भेगाळला असेल, कड तुटली असेल किंवा निळसर-पांढरा पडला असेल तर घासण्यात वेळ घालवू नका.

डिस्कही हाताने तपासा, अर्थात ती थंड असताना. नख फिरवल्यावर खोल रेघांत अडकत असेल, निळे डाग दिसत असतील किंवा बाहेरच्या कडेला उंच काठ तयार झाला असेल तर नवा पॅड तिच्यावर नीट बसत नाही. लेथवर फेस करून (तोंड सपाट कापून) घेता येते, पण त्याआधी डिस्कवर कोरलेला किमान जाडीचा आकडा बघा. जाडी मोजताना व्हर्निअर (मोजायचं उपकरण) काठावर टेकला तर खोटा, जास्त आकडा येतो. पॅड जिथे घासतो तिथलीच जाडी धरा. फेस केल्यावर त्या आकड्याच्या खाली जाणार असेल तर डिस्क बदलायची, आणि दोन्ही बाजूंच्या बरोबरच. पेडलला पायाखाली थरथर जाणवत असेल तर ती तक्रार वेगळी. डिस्क आणि हबच्या मध्ये साचलेला गंज हे तिचं एक साधं कारण असतं, तेही काढून घ्या.

आवाज मागून येत असेल तर

मागच्या ड्रममध्ये लायनरची (पॅडसारखंच काम करणाऱ्या घासणाऱ्या पट्ट्यांची) धूळ बाहेर पडायला जागाच नसते. ती साचते, त्यात पावसाची ओल शिरते, आणि रिव्हर्स घेताना किंवा अगदी हळू वेगात ‘कींऽ’ असा जाड आवाज येतो. ड्रम काढण्याआधी पुढच्या चाकांना दगड लावून हँडब्रेक सोडा. ड्रम अडकला असेल तर हातोडी घालण्याआधी त्याच्या तोंडावरची आटे असलेली दोन भोकं शोधा. त्यात ८ मिमीचे दोन बोल्ट थोडे थोडे आळीपाळीने आवळत गेलं की ड्रम आपोआप बाहेर येतो.

आतली धूळ फुंकू नका आणि कॉम्प्रेसरची हवा मारू नका. जुन्या गाडीत कोणतं लायनर पडलंय हे कुणालाच ठाऊक नसतं. ब्रेक क्लीनरने भिजवून, फडक्याने पुसून ते फडकं पिशवीत बांधून टाका, तोंडाला मास्क ठेवा. मग मागच्या ताटावर (ज्या पत्र्यावर लायनर बसवलेले असतात त्यावर) जिथे लायनरची लोखंडी कड टेकते ते उंचवटे बघा. तिथे घासून चकचकीत खाच पडलेली असते आणि ग्रीस उडालेलं असतं. त्या ठिकाणी उष्णता सोसणाऱ्या ग्रीसचा ठिपका दिला की हा आवाज बऱ्याचदा तिथेच संपतो. व्हील सिलिंडरचा (ड्रममध्ये लायनर ढकलणाऱ्या छोट्या सिलिंडरचा) रबरी बूट बोटाने जरा उचलून बघा, आत ओल असेल तर सिलिंडर गळतोय. तेल प्यायलेली लायनर मग दोन्ही बाजूंची बदलावी लागतात.

गाडी धुतल्यावर किंवा भर पावसात भिजल्यावर लगेच हँडब्रेक ओढून दोन-तीन दिवस उभी ठेवली की लायनर ड्रमला गंजाने चिकटतं. गाडी सपाट जागी असेल तर चाकाला दगड लावून पहिल्या गिअरमध्ये ठेवा आणि हँडब्रेक सोडून द्या. उतारावर मात्र हा प्रयोग नको.

नवे पॅड टाकणार असाल तर

फार घासाघीस करून मिळालेला, खोका बरा पण आतला शिक्का पुसट, असा पॅड घेऊ नका. कंपनीच्या नावाने नकली पॅड बाजारात येतात. कंपनीचा अधिकृत काउंटर किंवा ओळखीचं पार्टचं दुकान, पक्कं बिल, आणि संचात शिम-क्लिप आहेत का याची खात्री, एवढं करा. धातूचे कण जास्त असलेले पॅड उष्णता चांगली सोसतात पण आवाज जास्त करतात. शहरातल्या रोजच्या गाडीला गाडीबरोबर आलेल्याच प्रकारचा पॅड बहुधा सर्वांत शांत राहतो. पॅड नेहमी एका ॲक्सलच्या दोन्ही चाकांचे बदलायचे.

बसवल्यावर इंजिन चालू करायच्या आधी पेडल कडक होईपर्यंत हळूहळू पंप करा. हे विसरलं तर पहिल्या ब्रेकला पेडल तळाला जातं. चाकाचे नट मॅन्युअलमधल्या आकड्याने, आडव्या-उभ्या क्रमाने आवळा. मग रिकाम्या रस्त्यावर ताशी ६० वरून २० पर्यंत मध्यम दाबाने वेग कमी करा, पुन्हा वेग घ्या, पुन्हा कमी करा, असं दहाएक वेळा, मध्ये पूर्ण न थांबता. त्यानंतर ब्रेक न लावता थोडं अंतर चालवून डिस्क थंड होऊ द्या. यात अस्तराचा एकसारखा थर डिस्कवर बसतो. पहिले २००-३०० किलोमीटर करकचून ब्रेक मारणं टाळा, अपघात टाळायचा असेल तेव्हा अर्थातच पूर्ण जोर लावा. हा टप्पा वगळला तर थर डागाडागांनी बसतो आणि नवा पॅडही गुणगुणत राहतो.

टाकी उघडलीच आहे तर ब्रेक ऑइलचंही बघून घ्या. त्याचा किंचाळीशी संबंध नाही, पण ते हवेतली ओल शोषतं. डॉट ३ (डॉट ३, डॉट ४ हे ब्रेक ऑइलचे दर्जे) ताजं असताना किमान २०५ अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही, ओल धरल्यावर ही मर्यादा १४० पर्यंत खाली येते. डॉट ४ चे आकडे २३० आणि १५५. घाटात तापलेल्या ब्रेकला हा फरक जाणवतो. साधारण दोन वर्षांनी बदला, आणि झाकणावर लिहिलेलाच प्रकार घाला.

गॅरेजला देताना काय सांगाल

‘ब्रेकचा आवाज येतो’ एवढंच सांगितलं तर जॉब कार्डवर तेवढंच लिहिलं जातं आणि ‘ब्रेक क्लीनिंग’ करून गाडी परत मिळते. त्याऐवजी असं सांगा: ‘दादा, पुढच्या डाव्या चाकातून गरम झाल्यावर हलक्या ब्रेकला आवाज येतोय. दोन्ही पिना बाहेर काढून साफ करा, सिलिकॉन ग्रीस लावा. क्लिपखालचा गंज काढा. शिम आहे का बघा. पिस्टन हाताने दाबून मागे जातोय का ते मला दाखवा.’ चांगल्या मेकॅनिकला असं गिऱ्हाईक आवडतं, कारण त्याचं अर्धं काम झालेलं असतं. शक्य असेल तर चाक उघडं असताना तिथे उभे राहा, आणि पिना धुवायला जो जास्तीचा अर्धा तास लागतो त्याची मजुरी खळखळ न करता द्या. मजुरी मिळत नाही म्हणूनच ते काम वगळलं जातं.

हे सगळं केल्यावरही किंचाळी तशीच राहिली, तर डाव्या-उजव्या चाकांचे पॅड आपापल्या डिस्कसह पुन्हा तपासा: झीज पट्टी योग्य बाजूला आहे का, आतला पॅड बाहेर आणि बाहेरचा आत गेलेला नाही ना. तिथेही चूक नसेल तर डिस्क फेस करून वेगळ्या अस्तराचे पॅड टाकून बघायचे. दर पावसाळ्यानंतर, आवाज असो वा नसो, पिना एकदा काढून ग्रीस करून घ्या आणि ती तारीख सर्व्हिस बुकात लिहून ठेवा.